भाऊराव पंगतीतून उठले

चैत लागला की बिरसा गावाकडची मोहफुलंवाली आमच्या गल्लीत येते. टोपली दिसायच्या आधी वास येतो. गोड, जड, जरासा आंबूस; झोप पुरी न झालेल्या माणसाच्या अंगाला येतो तसा. आज सकाळी ती आली तेव्हा चहा पिऊन अंगणातल्या बाजेवर माझा जरा डोळा लागला होता. तिच्या हाकेनं उठले, पायलीभर फुलं घेतली, आणि पैसे काढायला कमरेचा पदर सोडवला, तर पदराच्या टोकाला गाठ.

गाठ असण्यात नवल नाही. काही लक्षात ठेवायचं असलं की मी पदराला गाठ मारते. माझी आई मारायची, तिची आईही मारायची. पण ही गाठ कशाची, ते काही केल्या आठवेना. दुधाची? नळाच्या पाण्याची? कोणाला फोन करायचा होता? मी गाठ बोटात धरून उभी, ती बाई टोपलीशी उभी.

"काय झालं बाई?"

"काई नाही वं. उन्ह लागलं."

सकाळी साडेआठला उन्ह. ती हसली आणि पुढच्या घराकडे गेली. मी फुलं सुपात ओतली आणि सुपापाशीच बसून राहिले. जुनी, ओळखीची भीती परत आली होती. आठ वर्षांपूर्वी, होळीच्या आधी ती पहिल्यांदा आली होती, आणि तेव्हा मी तिच्यावर जे औषध शोधलं ते ऐकून कोणीही हसेल. मी मोबाईलवर पोकर शिकले.

तेव्हाची मी त्रेपन्न वर्षांची. मोठी शहाणी बाई. मलाजखंडच्या खदानीतून आमचे हे रिटायर झालेले, कंपनीचं क्वार्टर सोडून आम्ही बालाघाटला या घरात आलेलो, एकुलती एक वैशू लग्न होऊन रायपूरला. आणि वैशूला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्याकडे. साऱ्या गल्लीला मी सांगून ठेवलं होतं. मोहफुलं भाजून, तीळ-गूळ घालून बाळंतिणीचे लाडू करायचे म्हणून फुलं वाळत घातली होती. बाहेरून पाहाल तर घरात आनंदीआनंद. आणि ही बाई मनातल्या मनात थरथरत होती.

कारण ती विसरायला लागली होती.

आधी दूध उतू गेलं. ते सगळ्यांचंच जातं. मग एका लग्नात, शेजारी बसलेल्या, रोज दोनदा भेटणाऱ्या बाईचं नाव मला आठवेना. पूर्ण पंगत होईस्तोवर मी तिला "अहो, हे वांगं घ्या ना" असा बिननावाचा आग्रह करत राहिले. मग एक दिवस बाजारातून घरी येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि क्षणभर, फक्त क्षणभर, कुठल्या हाताला वळायचं ते कळेना. उभी राहून चपलेचा पट्टा नीट केल्याचं नाटक केलं. पट्टा चांगला होता.

हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण मला ते कुठे जातं ते माहीत होतं. किरनापूरला, भावाच्या घरी, ओसरीवरच्या खाटेवर माझी आई बसलेली असायची. तिचंही दुधापासूनच सुरू झालं होतं. मी भेटायला गेले की ती माझा हात हातात घेऊन प्रेमानं विचारायची, "तू कोनाची वं बाई?" मी म्हणायची, "तुझीच." ती खुश व्हायची. पाच मिनिटांनी पुन्हा, "तू कोनाची वं बाई?" तिच्या पदराला गाठीच गाठी. ती गेली तेव्हा तिचं लुगडं कोणी धुवायला घेईना; गाठी सोडायला कोणाचे हात होईनात.

तर भीती ही होती. आणि ती मोघम नव्हती, तिला रंगरूप होतं. रोज मला एकच चित्र दिसायचं: मी पाटावर बसले आहे, लांब केलेल्या पायांवर वैशूचं आठ-दहा दिवसांचं बाळ, बाजूला बंब, घंगाळात कढत पाणी. आणि त्यात थंड पाणी, म्हणजे विसण, घातलं की नाही तेच मला आठवत नाही. तांब्या भरलेला आहे. हात वर आहे. इथे ते चित्र थांबायचं. दिवसातून चार-पाचदा थांबायचं.

आता कोणी शहाणी बाई असती तर डॉक्टरकडे गेली असती. आमची बाई डॉक्टरकडे गेली नाही, कारण डॉक्टर सांगतील. तिनं आपली परीक्षा आपणच घ्यायची ठरवलं.

होळीला वैशू आणि जावई आले होते. आमचे जावईबापू निखिलराव, भंडाऱ्याकडचे, कंप्यूटरवर नोकरी करणारे, स्वभावानं पाण्यासारखे. दुपारी पुरणपोळी खाऊन सगळे आडवे झाले आणि जावई मोबाईलवर पत्ते खेळत बसले. मी पदर सारखा करून पलीकडच्या खुर्चीवर बसले. सासू-जावयांनी एका मोबाईलमध्ये तोंड घालून बसायची आमच्यात रीत नाही, म्हणून मान लांब करून लांबूनच पाहत होते.

"कोणता खेळ आहे हा?"

ते दचकून सरळ बसले. "काही नाही आई, पोकर आहे. पैशाचा नाही, खोट्या चिप्सचा. टाइमपास."

"डोकं लागते का याले?"

"खूप लागते."

"मंग मले शिकवा. स्मरणशक्तीले बरं म्हणतात."

मोबाईल पडता पडता वाचला. पण सासूनं मागितलेलं जावई नाही म्हणत नाहीत, हीही रीतच. त्यांनी माझ्या मोबाईलवर ते घातलं. मग नाव विचारलं. बाईच्या नावानं अनोळखी पुरुषांच्यात पत्ते खेळायला बसायचं म्हणजे काय! मी म्हटलं, यांचं टाका. "यांचं म्हणजे?" ते मला छळत होते, माहीत सगळं होतं. तीस वर्षांत मी नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. शेवटी तिथेच, हळू आवाजात, झोपलेल्या नवऱ्याकडे पाहत उखाणा जोडला:

"आंगणात वाळते मोहफुलांची रास, भाऊरावांचं नाव घेते, पत्त्यांसाठी खास."

जावई हसून हसून लाल. आणि अशा रीतीनं भाऊराव, ज्यांनी उभ्या जन्मात सत्ती लावणी सोडून काही खेळलं नव्हतं, पोकर खेळायला बसले.

खेळ तसा सोपा. तुमच्या हातात दोन पत्ते, ते फक्त तुम्हाला दिसतात. मधे सगळ्यांचे मिळून पाच पत्ते, हळूहळू उघडतात. ज्याची जोडणी भारी त्याचे चिप्स. प्रत्येक वेळी विचारतात: खेळात राहता, वाढवता, की पत्ते टाकता? टाकण्याला फोल्ड म्हणतात. विचार करायला थोडे सेकंद. तुमच्या नावाखाली एक हिरवी पट्टी असते, ती आखडत जाते, पिवळी होते, लाल होते. माझं काळीज त्या पट्टीबरोबर आखडायचं.

दुपारी हे झोपले, कूलर सुरू झाला, की मी बसायची. पडद्यावरच्या टेबलाभोवती सहा जण. कोणाचं नाव सुरतेचा शेर, कोणाचं नुसते आकडे. मी हरायची. म्हणजे अशी हरायची की चिप्स संपून गेले की फुकटचे नवे मिळायचे, तेही संपायचे. प्रत्येक हरण्याला मी मनात खूण करायची: बघ, डोकं चाललं. आज सहा वेळा हरली. आईचं सुरू झालं तेव्हा ती किती वर्षांची होती? पंचावन्न. म्हणजे दोन वर्षं. बाळ दोन वर्षांचं होईल तेव्हा मी त्याला विचारेन, तू कोणाचा रे बाबू?

आठवड्यानं जावयांचा फोन आला. ते तिकडून माझा खेळ पाहू शकत होते, हे मला माहीत नव्हतं.

"आई, तुम्ही एकदाही फोल्ड करत नाही. दुरी-सत्तीवर कोणी शेवटपर्यंत बसते का?"

"अर्ध्यातून कसं उठायचं?"

"म्हणजे?"

"सगळे बसले आहेत ना अजून. पंगत उठायच्या आधी एकट्यानं पत्रावळ सोडून उठते का कोणी? यजमानाचा अपमान आहे तो."

मग ते म्हणाले, "आई, इथे यजमान कोणीच नाही. इथे जेवणच वाईट असलं तर पहिल्या घासाले उठायचं असते."

मला ते पटलं नाही. लहानपणापासून अंगात मुरलेलं. खारट वरण असो, पोट फुटायला येवो, बाजूचा म्हातारा जिलबी चघळत बसलेला असला तर त्याची जिलबी संपेस्तोवर बसायचं. शिवाय दुसरी गोष्ट मी जावयांना सांगितली नाही. एकदा चुकून बोट लागलं आणि पडद्यावर आलं: भाऊराव, फोल्ड. सुरतेच्या शेरानं खाली हसणारा चेहरा टाकला. मला असं लागलं! भर सभेत नवऱ्याचा पाणउतारा करून आले असं वाटलं. संध्याकाळी यांना भाजीत दोन चमचे तूप जास्त घातलं. ते म्हणाले, "आज काय आहे?" म्हटलं, "काही नाही, सहज."

"अजून एक," जावई त्याच फोनवर पुढे म्हणाले, "तुम्ही म्हणता स्मरणशक्तीसाठी खेळता. पण हा लक्षात ठेवायचा खेळ नाही, ती रमी. हा सोडायचा खेळ आहे. कधी सोडायचं ते कळलं की आलं."

म्हणजे परीक्षेला बसले तीही चुकीच्या विषयाच्या. आता मी यावर पोट धरून हसते. तेव्हा फोन ठेवून मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

मलाजखंडला असताना दुपारी खदानीत सुरुंग उडायचा. आधी भोंगा वाजे. मग काही मिनिटं काहीच नाही. बायका मांडणीवरची भांडी आत सारायच्या, रडतं पोर कडेवर घ्यायच्या, आणि उभ्या राहायच्या. मग जमिनीतून तो आवाज यायचा, काचा थरकायच्या, आणि सगळ्या पुन्हा कामाला. धमाक्याची कधीच भीती वाटली नाही मला. मधल्या मिनिटांची वाटायची. तो सगळा चैत तसा गेला. भोंगा वाजून गेलेला. मी भांडी धरून उभी.

आणि उभी असल्याचं कोणाला दिसू द्यायचं नव्हतं. पोकरमध्ये पत्ते वाईट असताना भारी असल्यासारखं खेळण्याला ब्लफ म्हणतात. पडद्यावर मला ते कधी जमलं नाही. समोर पाच अनोळखी माणसं, त्यांना कशाला फसवायचं? पण घरात? घरात मी पक्की खेळाडू झाले होते. कोणी नाव घेतलेला माणूस आठवला नाही की "हौ, तेच ना ते!" म्हणायची आणि पुढचं त्याच्याच तोंडून काढून घ्यायची. वैशूचा फोन आला की दोन मिनिटांत आवरायची, "गॅसवर भाजी आहे बाई, ठेवते". जास्त बोललं की तेच तेच विचारलं जाईल आणि तिला कळेल, ही भीती. आणि पदराला गाठी. गॅसची एक, नळाची एक, यांच्या बीपीच्या गोळीची एक, वैशूच्या तारखेची एक. सात-सात गाठी. चालताना टोक पायावर आपटायचं. आणि संध्याकाळी त्यातली कोणती कशाची, याची परत परीक्षा.

मग हळूहळू एक गोष्ट झाली. मी उठायला शिकले. पहिल्यांदा जीव मुठीत धरून. हातात दुरी आणि अठ्ठी, दोन रंगांची, एकमेकांशी बोलत नसलेल्या जावांसारखी. पट्टी लाल झाली. मी मनात यांची माफी मागितली आणि बोट टेकवलं. भाऊराव उठले. काहीच झालं नाही. शेर हसला नाही, त्यानं पाहिलंही नसेल. दुसऱ्या डावाला भाऊराव पुन्हा उठले. तिसऱ्याला बसले, आणि जिंकले.

आणि काय सांगू, त्या पंधरा दिवसांत घरातही सगळं सुधारलं. दूध उतू जाईना. भाजी करपेना. मी जाऊन पाहावं तर गॅस बंद. म्हणजे मीच आठवणीनं बंद केलेला. बाई हवेत. खेळानं डोकं ताळ्यावर आलं! गाठी सातावरून तीनवर. वैशूसाठीच्या मोठ्या गंजाला, पितळी पातेल्याला, कल्हई लावून आणली, अळिवाचं पुडकं आणलं, बाळासाठी जुन्या मऊ लुगड्याच्या दुपट्यांना शिवण घातली. त्या पाटावरच्या चित्रातला माझा हात आता खाली यायला लागला होता. पाणी कोमट होतं.

मग एका दुपारी पत्ते इतके वाईट आले की मी डावच सोडले. एरवी तासभर बसायची, ती दहा मिनिटांत मोबाईल बंद करून उठले. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले.

आमचे हे मोरीपाशी उकिडवे बसले होते. पुढ्यात दुधाचा गंज, बुडाशी काळाकुट्ट. राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं खसाखसा घासत होते, आवाज होऊ नये म्हणून गंजाखाली पोतेरं ठेवून.

"हे काय करून राह्यले?"

ते चमकले. "गंज घासून राह्यलो."

"काहून?"

"जळला म्हणून."

"कोणी जाळला?"

तीस वर्षांत ज्या माणसानं चहाचं आधण ठेवलं नव्हतं, तो माणूस खाली मान घालून म्हणाला, "मीच जाळला."

यांना ब्लफ येत नाही. कानाच्या पाळ्या लाल होतात.

मी तिथेच ओट्याला टेकले. गॅस बंद होता. यांनी बंद केला होता. काल कोणी केला होता? परवा? माझ्या सुधारलेल्या पंधरा दिवसांतला एक एक दिवस मागे फिरून माझ्याकडे पाहायला लागला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिसत होतं होळीच्या आधीपासून. गॅस पाहून राह्यलो पंधरा दिवसांपासून."

"अन् तुम्ही दुपारी झोपत होते ना?"

"तू तिकडे मोबाईल घेऊन बसली की उठत होतो."

"मले सांगतलं काहून नाही?"

त्यांनी हात धुतले, धोतराला पुसले. "तुझ्या पदराले सात गाठी होत्या. त्याच्यात आठवी मी काहून बांधू?"

सगळी खेळी मी मनाशी झाकून धरलेली, आणि समोरच्यानं पदराच्या टोकावरून पत्ते वाचलेले. मला राग आला, लाज वाटली, आणि का कोण जाणे, दोन-अडीच महिन्यांत पहिल्यांदा पोट भरून श्वास आला. मग रडू आलं. हे गंज घेऊन तसेच उभे. रडणाऱ्या बाईचं काय करायचं हे खदानीत शिकवत नाहीत. शेवटी म्हणाले, "च्या ठेवू का?" मी म्हटलं, "नको. अजून एक गंज जाळाल."

त्याच दुपारी मी वैशूला फोन केला. पाच वेळा नंबर लावून पाचही वेळा तोडला. आईपणाच्या पंगतीतून कोणी उठत नाही. लेकीचं पहिलं बाळंतपण सोडून तर नाहीच. गल्लीत तोंड कसं दाखवायचं? वैशूच्या सासरचे काय म्हणतील? पण ते चित्र परत आलं होतं. पाट, तांब्या, वर गेलेला हात. सहाव्यांदा लागू दिला.

"वैशू, तू बाळंतपणाले इथं नको येऊ."

"काहून? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बाबा बरे आहेत. मी बरी नाही."

आणि सगळं सांगितलं. दूध, गल्लीचं तोंड, पंगतीतली बिननावाची शेजारीण, आजीचं सुरू झालं ते वय, गंज घासणारे बाबा. विसणाचंही सांगितलं. "मी तुझ्या लेकराले भाजून टाकीन वैशू. मले माझा भरोसा नाही."

मला ती हिरवी पट्टी दिसत होती. पिवळी. लाल.

"ऐकून राह्यली का?"

"ऐकून राह्यली." आवाज भरलेला होता. मला वाटलं घाबरली. ती रागावलेली होती. "आई, होळीपासून तू माझ्याशी दोन मिनिटंही बोलली नाही. रोज तुझी भाजी गॅसवर. मी ह्यांच्यापाशी रडली, की आईले माझं बाळंतपण जड होऊन राह्यलं, आपण इथंच करू. मले वाटलं, मी तुले नको झाली."

मी भीती लपवत होते, आणि तिकडे ती पोर आपण नकोशा झालो समजून सातव्या महिन्यात उशी भिजवत होती. इतक्या हुशारीनं खेळले होते मी, की माझीच लेक हरत होती.

"मी येणारच," ती म्हणाली. "तू बाळाले धू, मी समोर बसून राहीन. विसण मी पाहीन. पण आधी डॉक्टर. अन् फोन दोन मिनिटांत ठेवला तर पाहा."

तो फोन पाऊण तास चालला. त्यात मी तिला तिची तारीख तीनदा विचारली. तिसऱ्यांदा ती हसली, आणि मीही.

गोंदियाच्या डॉक्टरांनी कागद पुढे करून घड्याळ काढायला सांगितलं. गोल, आकडे, अकरा वाजून दहा मिनिटं. गेलेली कित्येक वर्षं मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहत पोळ्या लाटल्या, आणि तिथे पेन हातात धरून मला घाम फुटला. हे दाराशी उभे, आपणच पेपराला बसल्यासारखे. काढलं कसंतरी. मग रक्त तपासलं. रक्तात कशाकशाची कमी निघाली, थायरॉइडचंही निघालं; गोळ्या, इंजेक्शनं. डॉक्टर म्हणाले, यानं बराच फरक पडेल. मी विचारलं, "अन् माझ्या आईसारखं?" ते म्हणाले, "ते आज कोणीच सांगू शकत नाही, ताई. वर्षातून एकदा या."

फरक पडला. खरंच पडला. ज्येष्ठात वैशूला मुलगी झाली, ओवी. अकराव्या दिवशी मी पाटावर बसले, पाय लांब केले, आणि ते मऊ, तेलकट, ओरडणारं गाठोडं पायांवर घेतलं. समोर वेताच्या मोड्यावर वैशू.

"आई, विसण?"

"घातलं."

तिनं तरी कोपर बुडवून पाहिलं. मग मी कोपर बुडवून पाहिलं. मग दारातून हे म्हणाले, "मी पाहू का?" आम्ही दोघी ओरडलो, "तुम्ही जा!" तेवढ्यात पाणी गार झालं. त्या पोरीच्या पहिल्या महिन्यातल्या निम्म्या अंघोळी तरी अशा गार पाण्यानंच झाल्या असतील. धडधाकट आहे.

मी अजून वर्षातून एकदा गोंदियाला जाते. कागद, गोल, अकरा वाजून दहा. आठ वेळा झालं. घड्याळ काढायचा सराव घरी करत नाही. ती चोरी वाटते. पोकर तर केव्हाच सुटलं. दरवेळी निकाल येईपर्यंत तेच, भोंगा आणि धमाक्याच्या मधलं. यंदाची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. आणि आज सकाळी, मोहफुलंवालीसमोर, पदराला ही गाठ.

दिवसभर ती घेऊन फिरले. गॅस पाहिला. नळ पाहिला. यांच्या गोळ्या मोजल्या, बरोबर होत्या. वैशूला फोन केला, विचारलं, ओवीला परीक्षा संपल्या संपल्या इकडे आणून सोडलं तेव्हा काही सांगितलं होतं का? "काही नाही आई. काहून?" काही नाही, म्हटलं, मग जीभ चावली, आणि सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे, आठवेल. नाही आठवलं तर पुढच्या आठवड्यात डॉक्टरले सांग." साधंच बोलली, पण मधे जरा थांबली. ते थांबणं मला ऐकू येतं.

चार वाजता मोहफुलं सुपात पसरत होते. ओवी समोर येऊन बसली. रायपूरच्या शाळेनं तिची मराठी निम्मी हिंदी करून टाकली आहे. बराच वेळ माझ्या पदराकडे पाहत होती. तोंड दाबून.

"आजी, ये गांठ किसकी है?"

"आहे एका कामाची."

"कौनसे काम की?"

"मोठ्या माणसाच्या कामाची."

आणि ती फुटलीच. सुपातली फुलं उडाली. "मैंने बांधी! सकाळी तू बाजेवर झोपली होती ना, तब बांधी! ब्लफ, आजी, ब्लफ!"

हा शब्द तिला मीच शिकवला आहे. पोरीनं सबंध दिवस पत्ते छातीशी धरले, कानाची पाळीसुद्धा लाल होऊ दिली नाही. आजोबांवर गेली नाही, हे नक्की.

मी तिच्याकडे शांतपणे पाहिलं, एक फूल तोंडात टाकलं, आणि म्हटलं, "मले सकाळीच माहीत होतं."

"झूठ!"

"हौ? तुझी गाठ उलट्या हाताची आहे, माझी सुलट्या. एवढं नाही कळणार मले?"

तिचं तोंड पडलं. ती गाठ हातात घेऊन उलटसुलट पाहायला लागली. हे दारातून ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते आत गेले. आत गॅसवर मी दूध तापत ठेवलं होतं. मी त्यांच्या मागे गेले नाही. गाठीचं मला सकाळी माहीत होतं की नव्हतं, ते पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना खरंखरं सांगेन. ओवीला नाही.